मदत हवी: गिटार ॲम्पचा आवाज मधेच बसतो, शनिवारी शो आहे

सहातारी
चालू केल्यावर दहा-पंधरा मिनिटं ठीक, मग आवाज एकदम बसतो. जोरात कॉर्ड मारली की परत उसळतो. केबल बदलली, गिटारही बदलून पाहिली. पटकन सांगा.

सोल्डरधूर
ॲम्प कोणता? व्हॉल्व्ह की ट्रान्झिस्टर? मागे सेंड-रिटर्न (बाहेरचे इफेक्ट जोडायचे दोन जॅक) आहे का? की पत्रिका मांडून सांगायचं?

फॅरडराव
फिल्टर कपॅसिटर (वीजपुरवठा सपाट करणारे) गेलेत. सगळे बदला. मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतील. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त, १०५ डिग्रीवालेच घ्या.

सोल्डरधूर
फॅरडराव, फिल्टर गेले की १०० हर्ट्झची घरघर येते. इथे घरघरीचं नाव तरी आहे का?

दुसरा_मजला
शेजारी ओरडत असतील तर हेडफोन जॅक वापरा, स्पीकर आपोआप बंद होतो.

सहातारी
शेजाऱ्यांचा काही त्रास नाही हो! ट्रान्झिस्टर, ४० वॉट. सेंड-रिटर्न आहे, पण कधी वापरलंच नाही. त्याचा काय संबंध?

सोल्डरधूर
वापरलं नाही म्हणूनच. रिटर्न रिकामा असला की सिग्नल त्या जॅकच्या आतल्या स्विचच्या पत्तीतून पुढे जातो. मुंबईच्या दमट हवेत ती पत्ती काळी पडते. जोराचा सिग्नल तो थर तेवढ्यापुरता भेदतो, म्हणून कॉर्ड मारली की आवाज येतो. सेंडमधून रिटर्नमध्ये छोटी पॅच केबल लावा. आवाज टिकला तर चोर सापडला, आणि शनिवारी केबल तशीच राहू द्या.
नंतर विजेचा प्लग काढून, गिटार केबलच्या ६.३५ मिमीच्या पिनवर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून रिटर्नमध्ये पंधरा-वीस वेळा आत-बाहेर करा. बिजागऱ्यांचा तेलकट स्प्रे नको. तरी नाही सुधारलं तर जॅक बदला, पण स्विचवालाच. साधा बसवलात तर केबलशिवाय आवाजच येणार नाही.

व्हॉल्व्हवाली
गरम झाल्यावरच होत असेल तर सुटलेलं सोल्डरही असू शकतं. चालू ॲम्पवर आतून आइस्क्रीमच्या कोरड्या काडीने टिचक्या मारतात, पण ते सराव असलेल्यानेच करावं. सोल्डर करण्याआधी प्लग काढून कपॅसिटर रिकामे करा.

फॅरडराव
स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करायचे, झालं.

व्हॉल्व्हवाली
व्हॉल्व्ह ॲम्पमध्ये ४०० व्होल्ट साठलेले असतात, ठिणगीने कपॅसिटरही जातो आणि माणूसही. १० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर लावायचा, मग मीटरने शून्य आलंय का बघायचं.

सहातारी
केबल लावली, अर्धा तास झाला, आवाज ठणठणीत! पण रिव्हर्बचा (आवाज घुमवणारा) नॉब फिरवला की खरखर येते.

सोल्डरधूर
पॉट, म्हणजे नॉबमागचा बदलता रेझिस्टर, मळलाय. ॲम्प बंद करून तोच कॉन्टॅक्ट क्लीनर पॉटच्या फटीत मारा, नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहा. वाळू द्या, मगच चालू करा.

दुसरा_मजला
इथेच विचारतो, अमेरिकेहून आणलेला १२० व्होल्टचा ॲम्प पिन बदलून चालेल का?

व्हॉल्व्हवाली
पिन बदलून व्होल्टेज बदलत नाही. २३० ते १२० चा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, ॲम्पच्या मागे लिहिलेल्या वॉटच्या दीडपट तरी. आणि वेगळा धागा काढा.