वेढ्यातली शेतखरेदी

युद्धाच्या बातम्या बघून जगाचा शेवट आलाय असं वाटतं, अशात यहुदी श्रद्धा कसला आधार देते, असं तुम्ही विचारलंय. मला आधी बायबलमधला यहुदी संदेष्टा यिर्मया आठवतो. यरुशलेमला बाबिलोनच्या फौजेचा वेढा, हा स्वतः राजाच्या कैदेत, आणि अशा वेळी तो चुलतभावाचं अनाथोथ गावातलं शेत विकत घेतो! 17 शेकेल (तेव्हाचं वजनाचं माप) चांदी तोलून देतो, साक्षीदारांसमोर खरेदीखत करतो आणि ते पुष्कळ वर्षं टिकावं म्हणून मातीच्या भांड्यात ठेवायला सांगतो. शहर पडणार हे त्यानेच बजावलं होतं. तरी या देशात पुन्हा घरं, शेतं, द्राक्षमळे घेतले जातील, असं देवाचं वचन त्याच्यापाशी होतं.

शेवटाची तारीख काढत बसणाऱ्यांना तर तालमूद या यहुदी धर्मग्रंथात चक्क शाप दिलाय. आणि इसवी सन 70 मधला यरुशलेमच्या मंदिराचा विध्वंस अनुभवलेल्या धर्मगुरू योहानान बेन झक्काईंचं सांगणं असं, की हातात रोप असताना मसीहा, म्हणजे शेवटी येणारा तारणहार, आल्याची बातमी कळली, तर आधी रोप लावा, मग त्याच्या स्वागताला जा. मला हे फार मोलाचं वाटतं.

आपल्या कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी, मसीहाची वर्दी देणाऱ्या एलियाहू हन्नावी या संदेष्ट्याचं नाव घेतात, तेही पोहे, गूळ, खोबरं, फळं घातलेल्या मलिद्याच्या ताटापुढे. लग्न ठरलं, नवं घर झालं, नवस फेडायचा असला, की.