अनुभव धागा: ओएस (ऑपरेटिंग सिस्टीम) बदलताना घोडं नेमकं कुठं पेंड खातं?

सुरुवात मीच करतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. माझा लॅपटॉप जुना, त्यात टीपीएम २.० ही सुरक्षा चिप नाही, म्हणजे ११ चं दार रीतसर बंद. मशीन मात्र ठणठणीत. एसएसडी टाकल्यापासून तर पळतंय. भंगारात काढायचा जीव होईना, म्हणून लिनक्स मिंट ही मोफत ओएस टाकली.

आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहिलं, डिस्कला हात न लावता. आवाज, टचपॅड, कॅमेरा सगळं ठीक. फक्त वायफायचं चिन्हच दिसेना. ड्रायव्हर (वायफाय चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) उतरवायला इंटरनेट हवं आणि इंटरनेटसाठी ड्रायव्हर हवा. शेवटी फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग, म्हणजे फोनचंच इंटरनेट लॅपटॉपवर, चालू केलं, ड्रायव्हर मॅनेजर उघडला, एका ओळीवर टिक केली, रीस्टार्ट. पाच मिनिटांचं काम. त्याआधीची अख्खी संध्याकाळ मात्र लोकांनी सुचवलेले उपाय वाचण्यात गेली.

कोणती ओएस चांगली हा वाद इथे नको, तो आपण जन्मभर घालू शकतो. तुमचं गाडं नेमकं कुठे अडलं तेवढं सांगा. परत फिरला असाल तर तेही लिहा, लाज वाटायचं कारण नाही.

* * *

मी भाषांतराचं काम करते. माझं घोडं ओएसपाशी नाही, फॉन्टपाशी अडलं.

युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) सर्रास वापरात येण्याआधी केलेलं कित्येक वर्षांचं काम एका जुन्या फॉन्टमध्ये होतं. नव्या मशीनवर फाइल उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरं आणि विरामचिन्हांचा सडा. फाइल खराब नव्हती. त्या फॉन्टमध्ये मुळात मराठी अक्षरं साठवलेलीच नसतात, इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. फॉन्ट गेला की बुरखा गळून पडतो.

कन्व्हर्टर मिळतात, पण त्यांची खरी परीक्षा पहिल्या वेलांटीत आणि रफारात. ‘आर्थिक’ घ्या. जुन्या फॉन्टमध्ये आधी आ, मग वेलांटी, मग थ, मग रफार, मग क. डोळ्यांना दिसतं त्याच क्रमाने. युनिकोडमध्ये आ, र, हलन्त, थ, वेलांटी, क. म्हणजे वेलांटीने मागे जायचं आणि रफाराने पुढे यायचं, दोघांनी एकाच अक्षराला ओलांडून. माझ्या कन्व्हर्टरला एक उडी जमायची, दोन नाही. शेकडो ‘आर्थिक’ आणि ‘मार्मिक’ मी हाताने दुरुस्त केलेत.

त्याहून चकवा देणारी गोष्ट ‘दुसऱ्या’. हा शब्द दोन प्रकारे साठवता येतो. एकात ऱ हे वेगळं अक्षर आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. जुन्या मशीनवरचा कीबोर्ड एक प्रकार लिहायचा, नव्यावरचा दुसरा. शोधा-बदला चालवलं की निम्मे शब्द सापडत, निम्मे नाहीत, आणि मी स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेत बसायचे. आता इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी पक्की केलीय: शिफ्टसह जे, मग डी, मग य. कुठल्याही मशीनवर बसले तरी बोटं तीच.

* * *

आम्ही विंडोजवर परत आलो. एका महिन्यात. हिशेबाची एक स्प्रेडशीट आहे, त्यात कोणीतरी कधीकाळी लिहिलेले मॅक्रो (ठरलेलं काम आपोआप करणारे छोटे प्रोग्रॅम). लिब्रे ऑफिस या मोफत ऑफिस संचात उघडते, आकडे दिसतात, बटण दाबलं की काहीच होत नाही. ज्याने मॅक्रो लिहिले तो केव्हाच नोकरी सोडून गेला. विषय संपला.

* * *

वरच्यांना माझी पूर्ण सहानुभूती. माझी एक छोटी पुस्ती: बायोडाटा एका पानाचा होता, लिब्रे ऑफिसमध्ये दोन पानांवर गेला. कारण मूळ फाइल कॅलिब्रीत आणि तो फॉन्ट मशीनवर नाही. कार्लिटो नावाचा मोफत फॉन्ट टाका, त्यातल्या अक्षरांची रुंदी कॅलिब्रीइतकीच ठेवलेली आहे. माझं दुसरं पान मुकाट्याने पहिल्यावर परतलं. एरियलसाठी लिबरेशन सॅन्स, टाइम्ससाठी लिबरेशन सेरिफ.

* * *

कामावर मॅक मिळाला. सगळे म्हणाले, सुखी झालास. पहिले तीन आठवडे माझी करंगळी कंट्रोल शोधत होती आणि काम अंगठ्याखालच्या कमांड बटणाकडे गेलेलं. फाइलवर एंटर मारला की फाइल उघडते, ही माझी वीस वर्षांची श्रद्धा. इथे एंटर मारला की नाव बदलायची चौकट येते. मी एंटर मारून लगेच टाइप करायला लागायचो, त्यामुळे एका कराराच्या फाइलचं नाव बराच काळ ‘नमस्कार सर’ होतं.

फाइल हलवायची तर कट नाही. कॉपी करायची आणि मग कमांड-ऑप्शन-व्ही. विचार केला तर हे शहाणपणाचं आहे, कारण पेस्ट करेपर्यंत फाइल जागची हलत नाही. पण विचार डोकं करतं आणि शॉर्टकट बोटं मारतात. लाल बटणाने खिडकी बंद होते, प्रोग्रॅम नाही, हेही उशिरा कळलं. तोवर माझ्याकडे चौदा प्रोग्रॅम उघडे.

आता घरचा विंडोज लॅपटॉप उघडला की उलटी गंमत होते. करंगळी कुठल्याच घरची राहिलेली नाही.

* * *

माझी चूक लिहितो, कोणाच्या तरी कामी येवो. रात्री उशिरा, झोप अनावर, पेनड्राइव्हवर आयएसओ (ओएस बसवायची फाइल) लिहायची होती. ग्राफिकल साधन वापरायचं सोडून शहाणपणा केला आणि डीडी कमांड वापरली. तिला दोनच गोष्टी सांगायच्या असतात, कुठून घ्यायचं आणि कुठे लिहायचं. विचारणं, बजावणं काही नाही. आदल्या दिवशी लिनक्सने पेनड्राइव्हला एसडीबी हे नाव दिलं होतं, म्हणून मी तेच टाइप केलं. त्या रात्री बॅकअपची बाहेरची डिस्क आधी जोडलेली होती. एसडीबी ती होती. ही नावं दर वेळी तीच राहतील याची कोणतीही हमी नसते, हे मला माहीतही होतं.

पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकत नाहीये हे लक्षात यायला एक मिनिट गेलं. तोवर डिस्कच्या सुरुवातीचा भाग, म्हणजे विभागांचा तक्ता आणि पुढचं बरंच काही, पुसलं गेलं होतं.

त्या क्षणी एकच गोष्ट बरोबर केली: त्या डिस्कवर पुढे काहीही लिहिलं नाही. दुसऱ्या डिस्कवर जागा करून फोटोरेक हे फाइली परत मिळवायचं साधन चालवलं. ते डिस्क चाळून फाइलींच्या ठरावीक सुरुवातीवरून त्या ओळखतं आणि उचलतं. फोटो बहुतेक मिळाले, पण नावं आणि फोल्डर गेले. आता माझ्याकडे हजारो फोटो आहेत, एफ आणि पुढे आकडे अशा नावांचे. लग्नाचे, मांजराचे आणि मीटरच्या रीडिंगचे एकाच पंगतीत. अजून लावतोय.

तेव्हापासून आधी एलएसबीएलके ही डिस्कची यादी दाखवणारी कमांड चालवून आकारमान बघतो. ३२ जीबीचा पेनड्राइव्ह आणि २ टीबीची डिस्क यांत गोंधळ व्हायला झोपच लागते.

* * *

ड्युअल बूट (एकाच मशीनवर दोन ओएस) करणाऱ्यांना घड्याळाचा प्रश्न येतोच. मदरबोर्डवरच्या घड्याळातली वेळ विंडोज स्थानिक धरतं, लिनक्स यूटीसी (जगभरासाठीची प्रमाणवेळ). लिनक्समधून विंडोजमध्ये आलात की तुम्ही यूटीसीपासून जितके तास दूर, तितकं घड्याळ चुकतं. मी त्या घड्याळावर विसंबून मीटिंगला हजर झालो, ती संपून गेली होती. लिनक्सला एका कमांडने सांगता येतं की ही वेळ स्थानिकच समज.

शिवाय विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असेल तर शटडाउन म्हणजे अर्धवट झोप असते, आणि लिनक्स तो ड्राइव्ह फक्त वाचू देतं, लिहू देत नाही.

* * *

मी न विचारता बाबांच्या मशीनवर लिनक्स टाकलं. चूक कबूल. ब्राउझर तोच, बुकमार्क तेच, वॉलपेपरसुद्धा तोच ठेवला होता. पहिला आठवडा एक शब्द नाही. मी मनात खूश. आठव्या दिवशी फोन आला, “अरे, पत्ते कुठे गेले?”

पत्ते म्हणजे सॉलिटेअर. दुसरं टाकून दिलं. “हे ते नाही. ह्यात जिंकल्यावर पत्ते उड्या मारत नाहीत.” मी फायली, बँक, प्रिंटर सगळ्याची यादी केली होती, ह्याची नाही. उड्या मारणारे पत्ते शोधायला मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त वेळ लागला. आई म्हणाली, “आता ते दिवसभर उठणार नाहीत, तूच ये जेवायला बोलवायला.”

* * *

मी काहीच बदललेलं नाही आणि बदलणारही नाही. माझ्याकडे एक मोजमापाचं यंत्र आहे, पॅरलल पोर्टवर (जुन्या प्रिंटरच्या जोडणीवर) चालणारं. त्याचं सॉफ्टवेअर विंडोज एक्सपीच्या पुढे चालत नाही. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला, तेव्हा त्या पीसीची नेटवर्क केबल काढली, ती अजून काढलेलीच आहे. फायली पेनड्राइव्हने ये-जा करतात. डिस्कची जशीच्या तशी प्रत दोन ठिकाणी ठेवलीय. पॉवर सप्लाय दोनदा बदलला. लोक हसतात, यंत्र मोजतं.

* * *

धागा काढणारा मी परत आलोय, फोनवरून लिहितोय. काल मिंटमध्ये कर्नेलचं (ओएसच्या गाभ्याचं) अपडेट आलं, घेतलं, रीस्टार्ट केलं. वायफाय गायब. फोनची केबल कुठे ठेवलीय ते शोधतोय.

* * *

केबल नंतर शोधा. चालू होताना शिफ्ट दाबून ठेवा, नाही जमलं तर एस्केप. ग्रबचा (काय चालू करायचं ते निवडायचा) मेनू येईल, त्यात अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, आणि यादीतलं जुनं कर्नेल निवडा. अपडेटने ते पुसलेलं नसतं. बहुधा नव्या कर्नेलसाठी ड्रायव्हर पुन्हा बांधला गेला नसेल, ते सावकाश बघू.

* * *

आलं! एस्केप दोनदा दाबलं तर काळ्या पडद्यावर नुसता कर्सर आला, घाबरून बंद केलं. तिसऱ्या खेपेला एकदाच दाबलं. जुन्या कर्नेलवरून, लॅपटॉपवरूनच लिहितोय. केबलही सापडली, टीव्हीच्या मागे.