माचाला एवढी मागणी, मग शिझुओकातले चहाचे मळे ओस का?

हमामात्सुकर
नमस्कार मंडळी. दोन वर्षांपासून जपानात, शिझुओका प्रांतातल्या हमामात्सुला नोकरीला आहे. रविवारी सायकल काढून तेनऱ्यूच्या डोंगरात भटकतो. परवा एका वळणावर थांबलो तर समोर रान माजलेलं. झुडपं डोक्याच्या वर गेलेली, त्यांवर वेल, मध्येच बांबू घुसलेला. पांढरी फुलं दिसली तेव्हा कुठे कळलं, हा तर चहा! थंड रात्री दहिवर गोठून कोवळी पानं करपू नयेत म्हणून लावतात ते पंखे खांबांवर गंजत उभे होते.

तिकडे पुण्याहून बहीण म्हणते, "येताना माचा आण, इथे परवडत नाही." इथल्या दुकानात त्या हिरव्या चहाच्या पुडीसाठी "एकाला एकच डबा" अशी पाटी. मग हे मळे का सोडलेत? शेतकरी म्हातारे झाले हे ऐकलंय. पण भाड्यानेही कोणी घेत नाही?

चहाबाज
सपाट जमीन नाही, दुसरं काय! दक्षिणेकडच्या कागोशिमा प्रांतात माणूस यंत्रावर बसून रांगाच्या रांगा कापतो. कच्च्या चहाच्या (मळ्याजवळच्या कारखान्यात वाफवून सुकवलेल्या) उत्पादनात १९५९ पासून पहिला असलेला शिझुओका २०२४ मध्ये दुसरा झाला. कागोशिमा २७,००० टन, शिझुओका २५,८००.

कावानेची सून
हमामात्सुकर, तुम्ही पाहिलात तसला एक मळा आमचाच आहे. ओइ नदीकाठी कावानेत माझं सासर. सासऱ्यांनी तीन वर्षांपूर्वी, एकोणऐंशीव्या वर्षी, हात टेकले.

आधी माचाचं. आमच्याकडे होतो तो सेंचा. पान वाफवायचं, वळायचं, सुकवायचं. माचाला तेंचा लागतो. त्यासाठी तोडणीआधी तीनेक आठवडे मळा काळ्या जाळीखाली ठेवायचा, पान न वळता भट्टीत वाळवायचं, मग दळायचं. झाड याबुकिता या नेहमीच्या जातीचं असलं तरी चालतं, पण भट्टी? ती बसवायला कोट्यवधी येन. आणि आमच्या उतारावर जाळ्या ओढणार कोण, मी आणि सासूबाई?

चहाबाज म्हणतात ते बरोबर, पण अर्धंच. आमच्याकडे हातातलं यंत्र दोघांनी रांगेच्या दोन बाजूंनी धरून चालायचं, मागून तिसऱ्याने पिशवी सांभाळायची. पहिल्या वर्षी मला उताराची खालची बाजू दिली होती. संध्याकाळी एक खांदा वर, एक खाली! तरीही त्या यंत्रावर तीस वर्षं निभावलं.

खरा घाव बसला तो कारखान्याचा. तोडलेलं पान त्याच दिवशी वाफवलं नाही तर तांबूस पडतं, म्हणून कारखाना जवळच हवा. आमच्या वाडीतली चौदा घरं मिळून एक चालवत होती. होता होता पाच घरं उरली, पण बॉयलरचं तेल आणि यंत्रांची दुरुस्ती काही कमी होईना. पाच किलो पानाचा जेमतेम किलोभर चहा होतो, त्यात किती भागणार? एका वर्षी मे महिन्यात तो उघडलाच नाही. दिराने सासऱ्यांना म्हटलं, "बाबा, आणखी एक वर्ष करा." ते म्हणाले, "करतो की. पान नेऊ कुठे?"

भाड्याने घेणाऱ्यालाही हाच प्रश्न. शिवाय आमची जमीन पाच तुकड्यांत, पाच वळणांवर. पैसा काय तो मे महिन्यातल्या पहिल्या तोडणीत. दुसऱ्या तोडणीचं पान बाटलीबंद चहावाले नेत, पण त्या भावात खतही सुटत नव्हतं.

आणि पिणारे तरी कुठे राहिलेत? आमची लेक तोक्योत शिकते, तिच्या खोलीत क्यूसू, म्हणजे चहाची किटलीच नाही. चहावाल्यांची नात बाटलीतला चहा पिते! सासऱ्यांना अजून सांगितलेलं नाही.

हमामात्सुकर
ताई, मनापासून आभार. बाटलीतला चहा मीही पितो, आता जरा लाज वाटतेय. एक वेडगळ शंका: अशा मळ्यातली झाडं खालून छाटली तर परत येतील?

कावानेची सून
येतात. बुंध्याशी छाटलं तरी फुटतं, चहा चिवट आहे. पण पुढची एक-दोन वर्षं हाती काही लागत नाही आणि नंतरही कारखान्याचा प्रश्न तिथेच. मुळासकट काढायचं तर पोकलेन लागतो, त्याचे पैसे पदरचे. म्हणून लोक तसंच ठेवतात, आणि मग रानडुकरं आत घर करतात. एकट्याने आत शिरू नका, आणि मालकाला विचारल्याशिवाय तर नाहीच.

सासरे घरामागच्या दोन रांगा अजून राखतात, स्वतःपुरत्या. मे महिन्यात या. हाताने तोडू, स्वयंपाकघरात वाफवू, तापल्या लोखंडी पत्र्यावर वळू. हाताला चटके बसतात, ते बसणारच. गाडी घेऊन या मात्र, २०२२ च्या वादळात रूळ खचले तेव्हापासून आमच्याकडची रेल्वे पूर्ववत झालेली नाही.