अनुभव धागा: इंडियाना जोन्सचा सहावा सिनेमा यावा का? (बडोदेकर विशेष)

सुरसागरकाठचा (धागाकर्ता)

बडोद्यातल्या आणि बडोदा सोडून पांगलेल्या सगळ्यांना आमंत्रण. नुसतं "हवा" किंवा "नको" लिहून पळू नका. कुठला भाग, कुठे, कोणासोबत पाहिलात, काय डोक्यात राहिलं, तेही लिहा.

उजळणी: इंडियाना जोन्स म्हणजे हॅरिसन फोर्डने रंगवलेला, चाबूक घेऊन जुन्या वस्तूंमागे धावणारा पुरातत्त्वाचा प्राध्यापक, लाडाने इंडी. पहिला सिनेमा 1981 चा, मग 1984 आणि 1989. नंतर लांबलचक सुट्टी घेऊन 2008 आणि शेवटचा 2023. हॅरिसन फोर्डचा जन्म जुलै 1942 चा, म्हणजे पाचवा लागला तेव्हा गडी ऐंशी पूर्ण केलेला. त्या सिनेमावर साधारण 30 कोटी डॉलर लागले आणि जगभरचा गल्ला 38 कोटींच्या आसपास. थिएटरवाल्यांचा वाटा वजा केला तर धंदा बसलाच.

माझं मत: नको. वयाचं मला काही वाटत नाही. पण पाचव्याच्या सुरुवातीला 1944 सालची ट्रेनची मारामारी आहे, तिथे कॉम्प्युटरने फोर्डला तरणाबांड केलाय. चेहरा चाळिशीचा आणि तोंड उघडलं की आवाज आजोबांचा. माझ्या शेजारी बसलेला पोरगा आईला विचारत होता, "हा कोण बोलतोय?" सहावा काढला तर सगळाच असा निघेल.

खापरवाला

मी इथल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठात पुरातत्त्व शिकलो. विभाग 1950 पासूनचा. या सिनेमाशी माझं जुनं भांडण आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

थंडी पडली की आमचा कॅम्प निघायचा, कच्छ नाहीतर सौराष्ट्र. चाबूकबिबूक काही नाही. ब्रश, सुतळी, मोजपट्टी आणि नोंदवही. सकाळी ट्रेंचमध्ये, म्हणजे खणलेल्या चरात, उकिडवं बसून थर खरवडायचा आणि दुपारी खापरं धुवायची. धुऊन वाळली की प्रत्येक खापरावर काळ्या शाईने साइटचं नाव, ट्रेंच, थर. नखाएवढ्या तुकड्यावर हे सगळं मावलं पाहिजे आणि वाचताही आलं पाहिजे. सर भिंग घेऊन तपासत आणि "हे पाच आहे की नऊ?" म्हणून परत हातात देत. संध्याकाळी गावातली मंडळी कडेला येऊन उभी राहणार आणि रोज तोच प्रश्न: "सोनुं नीकळ्युं?"

आणि हा बाबा पहिल्याच सीनला सोन्याची मूर्ती उचलतो, वाळूची पिशवी ठेवतो आणि पळत सुटतो. मागे अख्खं देऊळ कोसळतंय. ना फोटो, ना ड्रॉइंग, ना नोंद! वर पुढे प्रत्येकाला ऐकवणार की वस्तू म्युझियममध्ये गेली पाहिजे.

आमच्या विभागाने 1960 ते 1963 मध्ये शामळाजीजवळ देवनी मोरीचा स्तूप खणला. आतून दगडी करंडक निघाला, आत बुद्धाचे अवशेष आणि बाहेर कोरलेला लेख. ती जागा आता मेश्वो धरणाच्या पाण्यात गेली. वेळेवर खणलं म्हणून करंडक हाती लागला, नाहीतर तोही पाण्यातच होता. धरणाचं पाणी चढायच्या आत खणून संपवायचं, यापेक्षा थरारक गोष्ट कुठला पटकथाकार लिहिणार? नाझी नकोत, सापही नकोत.

तरी पाचव्यातला एक प्रसंग मी मनापासून मानतो. निवृत्तीच्या दिवशी तो वर्गात शिकवतोय आणि पोरं पेंगतायत. साल 1969, बाहेर चंद्रावर जाऊन आलेल्यांची मिरवणूक. आत जुन्या मडक्यांत कोणाला रस? माझा प्रत्येक तास असाच गेलाय. सहावा काढायचा असेल तर याच माणसाचा काढा, म्हणजे निवृत्तीनंतर रिपोर्ट लिहीत बसलेल्याचा. चालणार नाही, पण मी तिकीट काढीन.

रावपुऱ्याची माई

खापरवाले, तुमचं वाचून मजा आली. मी दुसऱ्या भागावर बोलणार.

आमच्याकडे दिवाळीच्या सुट्टीत व्हीसीआर भाड्याने यायचा, आणि एका रात्रीत तीन सिनेमे संपवायचे अशी वाड्याची रीत. त्यात हा आला. माझे सासरे राजवाड्याच्या खानगी खात्यात, म्हणजे घरच्या व्यवस्थेत, नोकरीला होते, पंगतीची मांडणी कशी असते ते त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं. गोष्ट भारतात घडते, तिथल्या पंकोट पॅलेस नावाच्या काल्पनिक राजवाड्यातली मेजवानी सुरू झाली. अजगराच्या पोटातून जिवंत साप, डोळ्यांचं सूप आणि शेवटी माकडाचा थंडगार मेंदू. आजूबाजूची पोरं किंचाळतायत आणि सासरे शांतपणे विचारतात, "हे कुठलं संस्थान? आणि वाढपी कोणी ठेवलाय असला?" मग उठून झोपायला गेले.

भारत सरकारने त्या पटकथेवर हरकत घेतली होती आणि शूटिंग श्रीलंकेत कँडीच्या बाजूला झालं, हे मला फार नंतर कळलं. सरकारचं पहिल्यांदाच पटलं.

पण अमरीश पुरी! भूमिकेसाठी डोकं तुळतुळीत केलं आणि नंतर हिंदीत तोच अवतार किती कामाला आला. माझ्या लेखी त्या सिनेमात फोर्ड पाहुणा, यजमान पुरीच. आता ते नाहीत, मग सहाव्यात खलनायक कोण आणणार?

मांडवीचा उनाड

2008 ला अणुबाँब फुटला आणि हा शिशाच्या फ्रिजमध्ये बसून वाचला. माझ्यासाठी मालिका तिथेच संपली. आमचा फ्रिज लाइट गेली की बर्फसुद्धा सांभाळत नाही.

अलकापुरीकर

मी "हवा" वाल्यांपैकी. कारण बाबा.

बाबा आणि फोर्ड एकाच वयाचे. बाबांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि त्यांनी घराबाहेर पडणंच सोडलं. फिजिओथेरपीला जातानाही कुरकुर. पाचवा लागला तेव्हा मी जवळजवळ ओढत नेलं. मॉलच्या सरकत्या जिन्यावर पाय ठेवायला तयार नव्हते, लिफ्ट शोधण्यात सुरुवातीची ट्रेन गेली. बरंच झालं, कारण आम्ही बसलो तेव्हा पडद्यावर म्हातारा फोर्ड अर्धवट कपड्यांत खुर्चीत झोपलेला आणि शेजाऱ्यांच्या गाण्यांच्या आवाजाने वैतागून उठलेला. बाबा एवढ्या मोठ्याने हसले की पुढच्या रांगेने वळून पाहिलं. नवरात्रात ते अगदी हेच करतात.

शेवटाला जखमी इंडी दोन हजार वर्षं मागे, सिराक्यूजला पोचलाय. आर्किमिडीज समोर उभा आणि हा म्हणतोय, मला इथेच राहू द्या. त्याची मानलेली मुलगी हेलेना त्याला ठोसा मारून घरी आणते. बाबा हळूच म्हणाले, "बरोबर केलं. म्हाताऱ्यांचं ऐकायचं नसतं." मग त्याची बायको मेरियन येते, कुठे कुठे दुखतं, कुठे नाही, ते पहिल्या सिनेमातलं बोलणं पुन्हा होतं. बाबांनी चष्मा पुसला. दुसऱ्या दिवशी फिजिओला स्वतःहून निघाले, आठवडाभर टिकलं ते.

तर माझं म्हणणं एवढंच, ऐंशी ओलांडलेल्यांसाठी पडद्यावर आहे काय? आशीर्वाद द्यायला उभे केलेले आजोबा, नाहीतर खाटेवर खोकणारे. गल्ला जमला नाही तो त्यांचा प्रश्न.

बटनदाब्या

तुम्ही सगळे थिएटरवरच अडलाय. डिसेंबर 2024 मध्ये इंडियाना जोन्सचा नवा गेम आला. गोष्ट 1937 ची, व्हॅटिकन, गिझा, हिमालय, सुखोथाय. चेहरा तरुण फोर्डचा आणि आवाज ट्रॉय बेकर या दुसऱ्याच कलाकाराचा, पण पाच मिनिटांत विसरायला होतं. म्हणजे पात्र फोर्डशिवाय चालतं. बाँडचा नट बदलतो तसा इथेही बदला आणि मोकळे व्हा.

सुरसागरकाठचा

बाँड ही नोकरी आहे, माणूस गेला की त्या खुर्चीत दुसरा. इंडीचं तसं नाही. त्याचा वाकडा हसरा ओठ, मार खाल्ल्यावरचं कण्हणं, सापाला घाबरणं, हे सगळं फोर्डच्या अंगातून आलेलं आहे. गेममध्येही चेहरा त्याचाच घ्यावा लागला ना?

बटनदाब्या

1989 च्या भागात लहानपणीचा इंडी रिव्हर फिनिक्सने केला, तेव्हा कोणी तक्रार केली नाही. नव्वदच्या दशकात टीव्ही मालिका झाली, त्यातही दुसरेच नट, आणि एका भागात पोरगा चक्क बनारसला येतो. बरं, शॉन कॉनरी त्याचा बाप झाला, तो फोर्डपेक्षा जेमतेम 12 वर्षांनी मोठा! तेव्हा वयाचा हिशोब कोणी मांडला?

सुरसागरकाठचा

कॉनरीचा मुद्दा मान्य. बाकी नाही.

खापरवाला

वाद चालू द्या. मी रविवारी नातीला कमाटीबागेच्या म्युझियममध्ये ममी दाखवायला नेलं. तिने ममी पाहिली, देवमाशाचा सांगाडा पाहिला आणि विचारलं, "हे कोणी चोरून आणलं?" मी म्हटलं, लेबल वाच. इंडीने हिचं काय करून ठेवलंय बघा.

रावपुऱ्याची माई

एक सुचवते. दुसऱ्या भागातला तो चिमुरडा आठवतो का, शॉर्ट राउंड? त्या नटाचं नाव की ह्वी क्वान. मधली कित्येक वर्षं त्याला कामच मिळत नव्हतं. मग 2023 मध्ये सहायक अभिनेत्याचं ऑस्कर घेतलं आणि त्याच रात्री त्याच्या सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार द्यायला स्टेजवर कोण, तर फोर्ड. क्वानने धावत जाऊन त्याला मिठी मारली. ती क्लिप आमच्या भिशीच्या ग्रुपवर सगळ्यांनी पाहिली.

सहावा त्याच्यावर काढा. त्याचंही वय झालंय, आहे तसाच दाखवा, म्हणजे कॉम्प्युटरच्या तरुणपणाची सुरसागरवाल्यांची तक्रार नको. फोर्डला दोन सीन द्या, खुर्चीत बसून, म्हणजे अलकापुरीकरांचे बाबा खूश. आणि पुन्हा भारतात यायचं असेल तर जेवणाचं आधी आम्हाला विचारा, पुरणपोळीची सोय होईल.

मांडवीचा उनाड

माई, फ्रिज कोणाच्या घरचा?