राजाबाई टॉवरवरचे पुतळे, जुनी छायाचित्रे आणि चित्राखालची पाटी

ओव्हलकर
जुन्या मुंबईच्या छायाचित्रांची प्रदर्शने आपण हौसेने पाहतो. मात्र ती कोणी आणि कशासाठी काढवून घेतली, हे चित्राखालच्या पाटीवर क्वचितच असते. १८५७ नंतर राज्यकर्त्यांना रयतेची जातवार ओळख करून घेण्याची निकड भासू लागली आणि ‘द पीपल ऑफ इंडिया’ या छायाचित्रसंग्रहाचे आठ खंड १८६८ ते १८७५ या काळात सरकारी आश्रयाने निघाले. त्याआधीच विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराने मुंबईतल्या निरनिराळ्या समाजांच्या लोकांची छायाचित्रे काढून त्या आकृती दुसऱ्याच दृश्यांवर बसवल्या होत्या. १८७८ साली पुरा झालेला मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर मान वर करून नीट न्याहाळला, तर पश्चिम भारतातील जातींचे नमुने म्हणून घडवलेले चोवीस पुतळे दिसतात. कॅमेरा आणि छिन्नी यांमागची नजर एकच आहे, आणि प्रदर्शनाने ते स्पष्ट सांगावे.

पाषाणप्रेमी
असहमत. टॉवरचा आराखडा करणारे इंग्रज वास्तुविशारद गिल्बर्ट स्कॉट मुंबईत कधी आलेच नाहीत. पुतळे घडवले रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी, आणि पैसा दिला कापूसव्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी, तोही आई राजाबाई यांच्या नावासाठी. हे सारे ‘वसाहतवादी नजर’ या एका शिक्क्याखाली दडपले, तर आपल्याच कारागिराचे श्रेय आपण दुसऱ्यांदा हिरावून घेतो. शिवाय पाटी आधी वाचली की प्रेक्षक पगडीचे पेच पाहतच नाही, निकाल वाचून पुढे सरकतो.

ओव्हलकर
कारागिराचे नाव पाटीवर अवश्य असावे. पण हात त्यांचे असले, तरी माणसांची जातवार मांडणी करण्याची पद्धत राज्यकर्त्यांच्याच मुशीतली होती. प्रेमचंदांच्या संपत्तीचेही तेच: अमेरिकेतील यादवी युद्धामुळे इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस अडला, म्हणून मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मला प्रवचन नको, पाटीवर हे सांगणाऱ्या दोन ओळी हव्या आहेत.

भायखळेकरीण
आपण दोघेही राजकारण १९४७ ला संपल्यासारखे बोलत आहात. सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये काळा घोडा चौकातून उचलून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला गेला आणि २०१७ मध्ये त्या परिसरात स्वाराविना घोडा उभा राहिला. हाही विचारसरणीचाच निर्णय नव्हे काय? २०१८ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत ओव्हल मैदानाभोवतीच्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारती आल्या, गिरणगावच्या चाळी मात्र बाहेर राहिल्या. पाटी लिहायचीच असेल, तर ती निवड कोणी केली हेही लिहावे.

पाषाणप्रेमी
भायखळेकरीणताईंचे म्हणणे मान्य. मात्र मग पाट्या कमी करून एडवर्डच्या पुतळ्याचे चौकातले छायाचित्र आणि राणीच्या बागेतले छायाचित्र शेजारी लावावे. दोन ओळींवर माझा आक्षेप कायम आहे.