वर पोचलो की थांबतो: रत्नागिरीतल्या सायकल फेऱ्यांचे अनुभव

रविवारी पहाटे साडेपाचला मारुती मंदिराच्या सर्कलपाशी आम्ही सात-आठजण सायकली घेऊन जमतो. यंदाचं चौथं वर्ष. कोणी बँकेत आहे, कोणी शाळेत शिकवतं, एकाचं हार्डवेअरचं दुकान आहे, एकजण अजून कॉलेजात आहे. एरवी आमची ओळख व्हायचं काही कारण नव्हतं.

रत्नागिरीत सपाट रस्ता शोधावा लागतो. गावाचा एक पाय खाडीत आणि दुसरा सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर. मांडवीला जायचं म्हणजे उतरायचं आणि घरी परतायचं म्हणजे चढायचं. त्यामुळे इथे एकट्याने काढलेली सायकल महिन्याभरात जिन्याखाली जाते, असं मी पुष्कळदा पाहिलं आहे. सोबत असली की टिकते. आमचा नियम एकच आहे: जो वर पोचेल त्याने शेवटचा येईपर्यंत थांबायचं. आणि शेवटचा आला की लगेच निघायचं नाही, त्यालाही दम खाऊ द्यायचा. पहिल्या वर्षी हे दुसरं आम्हाला सुचलं नव्हतं. पुढचे दहा मिनिटं विसावलेले असायचे आणि मागचा आला रे आला की सगळे पेडलवर. बिचाऱ्याला विसावा कधी मिळायचाच नाही. हे लक्षात आल्यापासून गळती थांबली.

तुम्ही कुठल्या रस्त्याने जाता, कोणाबरोबर जाता, काय बघता, ते इथे सविस्तर लिहा. किती किलोमीटर झाले ते नाही लिहिलं तरी चालेल.

*

मी लिहिते. वय ५८, गेल्या वर्षी शाळेतून निवृत्त झाले. शाळकरी असताना भावाच्या सायकलवर नळीखालून पाय घालून शिकले होते. लग्नानंतर हात लावला नाही. मागच्या दिवाळीत सुनेची सायकल अंगणात फिरवून पाहिली आणि तोल जसाच्या तसा शाबूत होता! त्या दिवशी जेवताना मला हसू आवरत नव्हतं.

आता आम्ही तिघी मैत्रिणी आठवड्यातून चार दिवस निघतो. राजिवड्यावरून भाट्याच्या पुलावर जायचं, मध्यावर सायकली कठड्याला टेकवायच्या आणि काजळी नदी समुद्राला मिळते ते बघत उभं राहायचं. होड्या मुखातून आत येत असतात. राजिवड्यातल्या एक मावशी टोपली घेऊन निघालेल्या असतात. एकदा मी एकटी गेले तर त्यांनी थांबवून विचारलं, "आज दोघी नाय आल्या? बरं हाय ना सगळ्यांचं?" ज्या माणसाकडून मी वीस वर्षं नुसते बांगडे घेतले, तिच्याशी माझी ओळख सायकलमुळे झाली.

येताना कधी थिबा पॉइंटला चढतो. तिसरी मैत्रीण इतिहास शिकवायची. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ मध्ये इथे आणून ठेवलं आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला, हे मलाही माहीत होतं. पण खाडीकडे बघत ती म्हणाली, "तीस वर्षं हाच समुद्र बघितला असेल त्याने, आणि एकदाही त्यावरून घरी जाता आलं नाही." त्यानंतर बराच वेळ कोणी बोललं नाही.

*

गणपतीपुळ्याच्या रस्त्याबद्दल लिहितो, कारण माझा जीव तिथे आहे. निवळीवरून हमरस्त्याने जाणारे आहेत, पण सायकलसाठी किनाऱ्याचाच रस्ता धरावा. शिरगाव, साखरतर, काजिरभाटी, आरे, वारे, नेवरे, भंडारपुळे. एका बाजूने साधारण पंचवीस किलोमीटर. पहाटे साखरतरच्या पुलावर खाडीच्या चिखलाचा वास येतो, पुढे गावातून जाताना चुलीच्या धुराचा, जानेवारीत आंब्याच्या मोहोराचा, आणि आरेच्या सुरूबनाशी आलं की एकदम खारा वारा. डोळे मिटूनही मी कुठे आहे ते सांगू शकेन.

वारेचा चढ खडा आहे. आमच्यातले एक काका तो कधीच सायकलवर बसून चढत नाहीत, शांतपणे हातात धरून चालतात. आणि मग एकेक करून आम्हीही उतरतो आणि त्यांच्याबरोबर चालतो. हे कोणी ठरवलेलं नाही. चालताना बोलणं होतं. माझ्या धाकट्या भावाचं आजारपण मी पहिल्यांदा कोणाला सांगितलं असेल तर त्या चढावर. वर वळणावर पोचलो की डाव्या हाताला आरेची आणि वारेची पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, एकदम खाली दिसते. शेकडो वेळा पाहिली आहे, तरी सायकली आपोआप थांबतात.

नव्या लोकांसाठी एक कामाची गोष्ट, वाऱ्याची. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे असतो, आपले मतलई वारे. ऊन चढलं की उलटं होतं आणि खारे वारे सुरू होतात. फेब्रुवारीपासून मेपर्यंत दुपारचा वारा वायव्येकडून येतो. म्हणजे उत्तरेच्या गणपतीपुळ्याहून परत येताना तो पाठीशी असतो. दक्षिणेच्या पावस गावाहून येताना मात्र तोच वारा छातीवर येतो. आम्ही उन्हाळ्यात पावसला गेलो तर नऊच्या आत भाट्याला परत असतो. उशीर झाला की एकामागे एक रांग धरायची, पुढच्याने वारा अंगावर घ्यायचा आणि दर दोन-तीन मिनिटांनी पुढचा बदलायचा. मागच्याला खरंच हलकं जातं.

*

मी मूळचा लातूरचा. बदली होऊन इथे आलो तेव्हा समुद्र म्हणजे एक निळी वस्तू, सकाळ-संध्याकाळ सारखीच, असं डोक्यात होतं. पहिल्या रविवारी भाट्याला गेलो तर पाणी कुठल्या कुठे मागे, आणि कडक ओल्या वाळूवरून आम्ही सायकली पळवल्या. पुढच्या रविवारी त्याच वेळी गेलो तर वाळू जवळजवळ नाहीच, लाटा सुरूंच्या दिशेने आलेल्या. मी गोंधळलो. तेव्हा आमच्या दुकानदार मित्राने हिशेब शिकवला: तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे साधारण तीनला भरती. अष्टमीला सहाला. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास, म्हणजे सकाळी सहाला पूर्ण ओहोटी, आणि तेव्हाच उधाणाचे दिवस असल्याने पाणी सर्वांत दूर जातं. अष्टमीच्या सुमाराला भांग, पाणी फार चढत नाही, फार उतरत नाही. घड्याळाला थोडं मागेपुढे होतं, पण सायकलवाल्याला पुरतं.

आता मी घरी फोन केला की आई विचारते, "आज तुझा समुद्र कुठे आहे?" कॅलेंडर बघून तीच आधी सांगते. एकादशी मोडली तरी भरतीचा हिशेब मोडत नाही, म्हणते.

*

वाळूवर सायकल पळवणाऱ्यांना कळकळीची विनंती, घरी आल्यावर ती धुवा. हार्डवेअरवाला मीच. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे कोरडी दिसणारी चेनसुद्धा आतून गंजत राहते. जोराचा फवारा नको, गोड्या पाण्याची बादली आणि फडकं पुरे. पूर्ण सुकवा, प्रत्येक कडीवर एक थेंब तेल टाका, पेडल उलटं फिरवा आणि वरचं तेल पुसून घ्या, नाहीतर त्यावर वाळू बसते आणि दाते झिजतात. उतारावर ब्रेक सलग दाबून ठेवू नका, धरत-सोडत या आणि वजन मागे ठेवा. मी हे दर रविवारी सांगतो आणि दर रविवारी कोणाची तरी चेन करकरते. मग रस्त्याकडेला बसून ती ठीक करायची. मला ते काम मनापासून आवडतं.

*

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात उतारावर एका गाडीने फार जवळून ओलांडलं. मी कडेला घेतलं, तिथे जांभ्याची ओली लाल माती होती, चाक सरकलं. खांद्याजवळचं हाड मोडलं. गाडी थांबली नाही. मागून येणाऱ्या दोघांनी मला उठवलं नाही, आधी रस्त्यात सायकल आडवी घालून वाहनं थांबवली, मग हाताला ओढणीचा झोळ केला. एवढं भान त्यांना होतं याबद्दल आजही ऋणी आहे.

सहा आठवडे घरी होतो. पहिल्या रविवारी सव्वाआठला फाटकाशी घंट्या वाजल्या. सगळे ओलेचिंब, फेरी संपवून थेट आमच्या पडवीत. बायकोने घावणे घातले. सहाही रविवार ते आले. फेरीचा शेवट म्हणून त्यांनी माझं घर ठरवून टाकलं होतं. सातव्या रविवारी मी सर्कलपाशी गेलो तेव्हा हात थरथरत होता, आणि त्या दिवशी उतारावर सगळ्यांनी मला मधे घेतलं.

*

मी ग्रुपातला कॉलेजवाला. पावसाळ्यात सायकल बंद ठेवणाऱ्यांना सांगायचं आहे, ठेवू नका. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तेव्हा थांबायचं म्हटलं तर चार महिने गेलेच. जूनमध्ये मासेमारी बंद असते, मिरकरवाड्याला बोटी दाटीने उभ्या असतात आणि बंदरात कधी नव्हे ती शांतता. त्याच दिवसांत सड्यावर दीपकाडीची पांढरी फुलं येतात. कोकणातल्या जांभ्याच्या सड्यांचं हे फूल. गाडीतून ते दिसत नाही, सायकलवरून दिसतं. श्रावण-भाद्रपदात गेंद आणि सीतेची आसवं.

मागच्या हिवाळ्यात उक्षीला गेलो. कातळावर कोरलेला हत्ती, खऱ्या हत्तीएवढा. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली, त्यात उक्षीही आहे. ज्या सड्यांवरून आपण रोज वाऱ्याला शिव्या देत जातो, तिथे हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी बसून दगडात रेघ ओढत होतं. तेही एकटं आलं नसणार, एवढं काम एकट्याचं नाही.

*

माहेर रत्नागिरी, आता मुंबईत. आम्ही चौघी रविवारी मरीन ड्राइव्हला जातो. रस्ता सपाट, समुद्र शेजारी, सगळं छान आहे. पण चढ नाही, त्यामुळे कोणी कोणासाठी थांबत नाही. तुमचं वाचून आम्ही ठरवलं, मलबार हिलचा चढ घ्यायचा. पुढच्या वेळी कळवते.

*

सगळ्यांचं वाचलं, दोनदा वाचलं. लातूरकरांच्या आईंना नमस्कार सांगा. मलबार हिलच्या चौघींनी वर पोचल्यावर थांबायला विसरू नका.

येत्या रविवारी दशमी आहे. दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे भाट्याला पुळण मिळणार नाही. तेव्हा फणसोपचा चढ घेऊन गोळपच्या सड्यावर जाऊ आणि नऊच्या आत परत. निवृत्त बाईंनी आणि त्यांच्या मैत्रिणींनी पुलावर सामील व्हावं, आम्ही सहाला तिथे असू. चढ चालत गेलात तरी आम्ही वर आहोत. जास्तीची ट्यूब आणि पंप माझ्याकडे आहे, शहाळ्यांचे सुटे पैसे ज्याचे त्याने आणा.