मदत हवी आहे : जुन्या मारुती 800 ची चावी

सर्वांना नमस्कार. आमच्या घरी वडिलांनी घेतलेली 1999 ची मारुती 800 असून ती आजही रावेर ते भुसावळ विनातक्रार धावते. गेल्या महिन्यात केळीची कापणी चालू असताना तिची मूळ चावी शेतात पडली आणि पाचटाखाली दोन दिवस शोधूनही सापडली नाही. घरात दुसरी चावी आहे, पण तिचे दात इतके झिजले आहेत की ती पूर्ण आत घालून नंतर सुताएवढी बाहेर ओढली तरच स्टार्टर फिरतो.

या झिजलेल्या चावीवरून दोन ठिकाणी डुप्लिकेट करून घेतली. मात्र नकलेत मूळची झीज तशीच उतरत असल्याने दोन्ही चाव्या दरवाजाला लागतात, स्टार्टरला लागत नाहीत. एका कारागिराने संपूर्ण लॉकसेट बदलण्याचा सल्ला दिला, परंतु वडिलांच्या हातची ही गाडी शक्यतो मूळ रूपातच ठेवावी अशी माझी मनापासून इच्छा आहे. शिवाय गाडीच्या चावीत चिप नाही, त्यामुळे काम केवळ दात अचूक कापण्याचे आहे.

दरवाजाचे कुलूप उघडून आतल्या पत्र्यांच्या मापावरून कोऱ्या चावीला कानस लावणारा जाणता कारागीर जळगाव, भुसावळ किंवा धुळे येथे कोणाच्या माहितीत आहे का? त्यासाठी साधारण किती खर्च येतो, आणि आरसी बुक सोबत न्यावे लागते का, हेही कृपया कळवावे.